आबांचा नंबर टाका

माझा फोन बटणांचा होता. घेतला तेव्हापासून नंबर एकच. गावातली पोरं रिचार्ज कुठं स्वस्त पडतो ते बघून सिम बदलतात आणि जुनं उकिरड्यावर फेकतात. मी नाही फेकलं. मी चौथीपर्यंत शाळेत गेलो, पण दिलेला शब्द आणि दिलेला नंबर मी फिरवत नाही.

आमचं गाव वणीच्या अलीकडं, खोलगटात. तिन्ही बाजूंनी डोंगर. त्यामुळं फोनला रेंज येते ती फक्त माझ्या ओट्यावर. बाकी गावात फोन कानाला लावून माणूस नुसता हॅलो हॅलो करतो. शेतकऱ्यांची नोंद कॉम्प्युटरवर करायची टूम निघाली तेव्हा सेवा केंद्रातला माणूस प्रत्येकाला विचारायचा, "मोबाईल नंबर?" बायांकडं फोन नाही, म्हाताऱ्यांना बटणं दिसत नाहीत, तरण्यांचे नंबर टिकत नाहीत. पहिल्यानं कोण म्हणालं आता आठवत नाही. पण एकजण म्हणाला, "आबांचा टाका," आणि मागचे सगळे तेच म्हणत गेले. अर्ध्या गावाच्या नोंदीला माझा नंबर पडला. मला कुणी विचारलं नाही. ओट्यावर येऊन बसायला कुणी विचारतं का?

मग ते कामच होऊन बसलं. कुणाचं काही सरकारी काम निघालं की माझ्या फोनवर आकडा यायचा. तो लवकर शिळा होतो, म्हणून मी ओट्यावरून मोठ्यानं ओरडायचो. खालच्या आळीतलं कुणी असलं की बायको पदर खोचून सांगायला पळायची. आकडा तिच्या तोंडात पाठ असायचा, वाटेत कुणाशी बोलायची नाही, विसरेल म्हणून. मागल्या वर्षी ती गेली. तिच्याबद्दल मला इथं जास्त लिहायचं नाही.

पोरगा मला शहरात, इंदिरानगरला घेऊन आला. तो अंबडला कंपनीत आहे, सकाळी जातो, दिवस कलला की येतो. दिवसभर घरात मी आणि सूनबाई. ती घरूनच काम करते, मागच्या खोलीत, दार लावून.

तिचं काम काय हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. शेवटी मी विचारलंच. ती म्हणाली, "आबा, बागेला राखण असते ना? तसं. सरकारचे जे मोठे कॉम्प्युटर आहेत, त्यांची राखण. कोण आत आलं, कुठून आलं, कुंपण कुठं वाकलंय, ते बघायचं. चोर यायच्या आधी चोराची वाट शोधायची."

"आणि चोर घावला तर?"

"वाट बंद करायची."

एवढं मला पुरलं. मीही द्राक्षाची राखण केलेली आहे. तिच्या हाताखाली माणसं आहेत, तिच्याहून वयानं मोठी. मुंबईच्या साहेबाशी बोलताना ती सर म्हणते, पण आवाज खाली करत नाही. पाणी प्यायला उठली तरी पडद्याला कुलूप घालून उठते. घरात कोण, तर मी. तरी कुलूप. मला त्याचा राग आला नाही. त्या दिवसांत मला कशाचंच काही वाटत नव्हतं. जेवायला वाढलं की जेवायचो, टीव्ही लावला की बघायचो, बंद केला की बंद पडद्याकडं बघायचो.

फोन तेवढा चालू होता. माझ्याच ओट्यावर उभं राहून गावाकडून कुणी फोन करायचं, "आबा, आकडा आला का?" मी गॅलरीत जाऊन वाचून दाखवायचो. एकदा असाच सांगत होतो, ऐकणारा बहिरा, म्हणून जरा जोरात. सूनबाई कानावरचं बोलायचं यंत्र गळ्यात ओढून बाहेर आली.

"आबा, ओटीपी सांगताय? कुणाला?"

"आपल्या गावच्याला. त्याचाच हाय."

"तो कुणाला सांगायचा नसतो."

"मग पाठवतात कशाला?"

ती हसली. तिला वाटलं एखाद्या शेजाऱ्याचा असेल. आतून साहेबांचा आवाज आला तशी ती पळाली.

या फाल्गुनात गारपीट झाली. टोमॅटो झोपले, द्राक्षं फुटली. पंचनामे झाले, मदत मंजूर झाल्याचं पेपरात आलं. मदत खात्यावर जायच्या आधी प्रत्येकानं नोंद खरी असल्याचं आकडा देऊन कळवायचं होतं. मुदत त्या महिन्याची. गावातनं फोनावर फोन. मी गॅलरीतच खुर्ची टाकली.

दोन दिवस आकडे आले. तिसऱ्या दिवशी यायचे थांबले.

"आबा, आकडा येऊ नाय राहिला."

"थांब थोडं."

"सकाळधरनं थांबलोय. केंद्रातला म्हणतो नंबर लाल दाखवतो."

त्याच दिवशी जेवताना सूनबाई पोराला सांगत होती. एकाच नंबरावर अर्ध्या गावाची खाती सापडलीत. म्हणे असे दलाल असतात, अडाणी लोकांच्या नावावर आपला नंबर लावतात आणि मदत आली की मधल्या मध्ये लांबवतात. तिनं नियम बसवला होता, त्यात तो नंबर घावला; गावाचं नाव तिला दिसत नाही, नुसते क्रमांक. बंद केला.

"चांगलं केलंस," पोरगा म्हणाला. "असल्यांना चौकात उभं केलं पाहिजे."

मी भाकरी कालवणात कुस्करत होतो. कुस्करतच राहिलो. मला कळलं होतं. पण दुसऱ्याच कुणाची गोष्ट चालली आहे असं वाटलं. ताट धुतलं, खळबळून ठेवलं. पोरगा झोपायला गेला. सकाळी तो कामावर गेल्यावर मी मागच्या खोलीचं दार उघडलं. त्याआधी कधी उघडलं नव्हतं.

पडद्यावर चार-पाच तोंडं बोलत होती. सूनबाईनं एक बटण दाबून आपला आवाज बंद केला. "आबा, काय झालं? बरं नाही का?"

"तो दलाल मी हाय," मी म्हणालो.

तिनं नंबर विचारला. घरातल्या माणसाचा नंबर तिच्या फोनमध्ये होता, पण आबा या नावाखाली. आकडे तिनं कधी वाचले नव्हते. मी तोंडपाठ सांगितला. ती कागदावर न लिहिता ऐकत होती. मग पडद्याकडं वळली, साहेबांना म्हणाली की थोडा वेळ जाते, आणि कुलूप घातलं.

"एवढी सगळी माणसं? तुमच्या नंबरावर?"

"रेंज येते ना ओट्यावर."

ती कपाळाला हात लावून बसली.

"मी कुणाचा रुपया खाल्ला का?"

"नाही, आबा."

"मग उघड."

"मला नाही उघडता येत."

"तूच बंद केला. कुलूप घालणाऱ्याकडं किल्ली नसते होय?"

"आहे. पण सासऱ्याचा म्हणून उघडला, तर उद्या खरा दलालही कुणाचा तरी सासराच निघेल." तिनं माझ्याकडं बघितलं नाही. "आणि आबा, हे मला वर कळवावं लागेल. नंबर माझ्या घरातला आहे म्हणून. लपवलं आणि नंतर निघालं तर मला ठेवणार नाहीत."

"कळव."

"तुमचं नाव जाईल."

"जाऊ दे. मी काय लबाड हाय?"

तिनं कळवलं. साहेबांनी त्या गावाचं काम तिच्याकडून काढून दुसऱ्याकडं दिलं, चौकशी होईपर्यंत. तिला राग आला असेल. मला तो दाखवला नाही, मीही विचारला नाही. आठ-पंधरा दिवस ती चहा ठेवायची, मी प्यायचो. गावाचे फोन यायचे, मी उचलायचो आणि म्हणायचो, थांबा. काही दिवसांनी लोकांनी फोन करणंच सोडलं. मुदत जवळ येत चालली होती.

मग एक दिवस तीच बोलली. तालुक्याची माणसं गावात बसणार होती. ज्यानं त्यानं स्वतः यायचं, आपला अंगठा द्यायचा, आपला किंवा घरातल्या माणसाचा नंबर द्यायचा. माझा काढायचा. मग मदत मोकळी.

"मग अडलं कुठं?"

"लोक तयार नाहीत. म्हणतात, आबा सांगतील तेव्हा. आम्ही आबांचा नंबर काढला तर ते काय म्हणतील." ती थांबली. "तुम्ही नाही गेलात तर मुदत टळेल, आबा."

मी म्हणालो, मी जाणार नाही. माझा नंबर काढायला मीच सांगत फिरू? लोकांनी विश्वासानं दिलेला होता. ती आत गेली. मी खुर्चीवर बसून राहिलो. शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या झाल्या. मग मी सदरा चढवला आणि दार वाजवलं. "गाडी काढ."

मारुतीच्या सभामंडपात टेबल मांडलं होतं. आम्ही उतरलो तसे लोक उठले.

"या आबा! सुनेनं सासऱ्यालाच चोर धरला म्हणं!"

"धरला खरा," मी म्हणालो, "पण मुद्देमाल नाय घावला."

हसले सगळे. सूनबाईनं पदर नव्हता तरी खांद्यावर काहीतरी सारखं केलं.

"आबा, आमच्या सुना नुसतं भांडतात. तुमची तर कुलूप लावते!"

मी टेबलाशेजारी उभा राहिलो आणि म्हणालो, "ज्यानं त्यानं आपला नंबर टाका. माझा काढा." एवढंच. एकेकजण पुढं आला. नातवाचा टाकला, जावयाचा टाकला. टेबलावरचा माणूस प्रत्येक वेळी विचारायचा, "जुना काढू ना?" आणि प्रत्येक जण माझ्याकडं बघायचा. मी मान हलवायचो. माझी मान हलते आहे एवढं मला कळत होतं. बाकी आत सामसूम होती, पीक काढल्यावर वावर असतं तशी.

शेवटी खालच्या आळीतली म्हातारी राहिली. नवरा नाही, पोरबाळ नाही, गुंठाभर टोमॅटो लावते. बायको आकडा घेऊन पळायची ती बहुतेक हिच्याकडंच.

"मावशी, तुमचा नंबर?" टेबलावरच्या माणसानं विचारलं.

"आबांचा."

"तो काढायचाय. दुसरा सांगा."

"दुसरा कुठून आणू? काय झाडाला लागतो?" ती माझ्याकडं वळली. "आबा, तुमी सांगाल ते. पण माझं कोण हाय फोनवालं?"

मी सूनबाईला विचारलं, "एका नंबराला एक माणूस चालतं ना?"

"चालतं. पण फोन त्या माणसाकडं हवा. सिमही त्याच्या नावावर."

"आणि माझी नोंद तुझ्या नंबरावर चालंल?"

"एका घरातले आहात. चालेल." मग तिला उमजलं. "आबा, तुम्हाला फोन लागेल ना."

"मला कोण करतंय?"

वणीला दुकानात जाऊन माझं सिम म्हातारीच्या नावावर करून आणलं. सूनबाईनंच नेलं तिला, गाडीत पुढं बसवून. फोन मी दिला, चार्जरसकट. म्हातारीनं तो पदरात बांधला. रेंजसाठी आता रोज माझ्या ओट्यावर येऊन बसते, असं ऐकतो. घराला कुलूप आहे, पण ओट्याला कुलूप नसतं.

मदत लोकांच्या खात्यावर गेली. सूनबाईचं काम तिला परत मिळालं. त्याबद्दल ती बोलली नाही, फक्त एक दिवस पुन्हा मोठ्या आवाजात बोलू लागली दाराआड, त्यावरनं मी ओळखलं. माझा खिसा हलका लागतो. अजून हात जातो.

परवा माझं काही नोंदीचं काम होतं. मी गॅलरीत बसलो होतो. मागचं दार उघडलं, सूनबाई आपला फोन डोळ्यांसमोर धरून बाहेर आली आणि आकडा वाचू लागली. वाचून झाल्यावर म्हणाली, "कुणाला सांगू नका हं, आबा."

"मग तू मला कशाला सांगितलास?"

ती तिथंच थांबली. मग म्हणाली, "परत सांगू का? तुम्ही लिहून नाही घेतला."

"पाठ झाला," मी म्हणालो.