आईची नागरिकत्वाची परीक्षा

ताई गेल्यावर आईला आम्ही अमेरिकेतून इकडे, दुबईशेजारच्या अजमानला आणलं. ताई माझी थोरली बहीण. आई इतकी वर्षं तिच्याकडे राहिली होती, की माझ्याकडे आली तरी थोड्याच दिवसांत "घरी कधी जायचं?" म्हणून विचारायला लागायची. यावेळी तिने तसं विचारलं नाही. मेहुणे तिला सोडून परत गेले आणि ती खिडकीपाशी बसून खालच्या गाड्या बघू लागली. दिलं ते खायची, बोलायची नाही.

मग एका सकाळी मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते आणि हॉलमधून ताईचा आवाज आला.

"देशाचा सर्वोच्च कायदा कोणता?"

शब्द ठासून, शेवटी किंचित नाकात. तो ताईचाच आवाज होता. लगेच आईचा थकलेला आवाज आला, "राज्यघटना."

"हं. पुढे. कायद्याचं राज्य म्हणजे काय?"

"कायद्याच्या वर कोणी नाही. राष्ट्राध्यक्षसुद्धा नाही."

मी दारात जाऊन उभी राहिले. हॉलमध्ये आई एकटीच होती. विचारताना ती हनुवटी वर करून डावीकडे वळायची, उत्तर द्यायला परत सरळ व्हायची, पदर सारखा करायची.

आईला तिथलं नागरिकत्व मिळावं हा ताईचा ध्यास होता. आईचं वय आणि तिथलं वास्तव्य बघता तिला परीक्षा मराठीत, दुभाष्याच्या मदतीने देता येणार होती. म्हणून ताई भाजी निवडताना, आईचे केस विंचरताना प्रश्न विचारत राहायची. आईला त्याची गोडी लागली होती. एकदा फोनवर मला म्हणाली, "सगळी सत्ता एकाच्या हातात गेली की तो माजतो, म्हणून तिघांत वाटून ठेवलीय. कायदे करणारे वेगळे, राबवणारे वेगळे, न्याय देणारे वेगळे. आपल्या घरात असं हवं होतं बघ." वडिलांना जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. त्यांच्याबद्दल तक्रारीचा एवढाच शब्द मी तिच्या तोंडून ऐकला.

नागरिकत्वाची मुलाखत जवळ आली होती. एका दुपारी ताईने विचारलं, राष्ट्राध्यक्ष गेले तर त्यांच्या जागी कोण? आईला आठवेना. "तू आठव, मी दूध घेऊन येते," म्हणून ताई बाहेर पडली. दुकानाच्या पार्किंगमध्ये, गाडीतच तिचं हृदय थांबलं.

आमच्या घरातली उजळणीही रोज तिथेच येऊन तुटायची. "त्यांच्या जागी कोण?" ताईच्या आवाजात प्रश्न यायचा आणि मग आई दाराकडे बघत राहायची.

माझी मुलगी कॉलेजात जाते. तिने हॉलमध्ये बसणंच सोडलं. "ममा, शी साउंड्स एक्झॅक्टली लाइक मावशी. आय कान्ट सिट देअर." नवरा फुजैराच्या बंदरात कामाला, तो फक्त सुट्टीला घरी येतो. त्याने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातली पिशवी खाली न ठेवताच तो बाल्कनीत निघून गेला. दुसऱ्या दिवशी आम्ही आईला डॉक्टरांकडे नेलं. स्मृती चाललीय, ते म्हणाले, तिच्याशी वाद घालू नका.

तरी मी सांगून पाहिलं. "आई, ताई नाहीये गं आता." दर वेळी ती ते पहिल्यांदाच ऐकायची. तोंडात पदर धरून रडायची आणि मग शांत झाली की म्हणायची, "ती आली की मला उठव." मी सांगणं बंद केलं.

एकदा मात्र ते दाराकडे बघणं मला सहन होईना. मी म्हटलं, "उपाध्यक्ष, आई. ती जागा रिकामी ठेवत नाहीत."

तिने माझ्याकडे खूप वेळ पाहिलं. "असं असतं होय?" त्या संध्याकाळपासून ती मला ताई म्हणू लागली. मीही ओ देऊ लागले.

आईच्या इथल्या व्हिसासाठी मेडिकल करायचं होतं. सरकारी ठिकाणी जायचंय एवढंच मी सांगितलं, तर ती मोरपंखी रेशमी साडी नेसून, केस विंचरून तयार. बायकांच्या विभागात आमचा नंबर आला. टेबलामागे काळ्या, पायघोळ अबायातली अरब बाई होती. तिने रक्त घ्यायला आईचा हात मागितला. आईने शपथ घेतात तसा उजवा हात खांद्यापर्यंत वर केला आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "मी मतदान करीन. ज्युरीवर बोलावलं तर जाईन. कायदा पाळीन."

"मामा काय म्हणते?" त्या बाईने मोडक्या हिंदीत विचारलं; अरबीत मामा म्हणजे आई. मी सांगितलं, ती कायदा पाळणार म्हणते.

"इन्शाल्ला," बाई गंभीरपणे म्हणाली. तिने आईचा वर केलेला हात अलगद खाली घेतला, सुई टोचली, कापूस दाबला. "खलास, मामा. खलास." म्हणजे झालं, संपलं.

गाडीत बसल्यावर आईने विचारलं, "झाले ना मी पास?"

"झालीस."

तिने डोळे मिटून मान मागे टेकली. इतका निवांत चेहरा मी तिचा कधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या सकाळी हॉलमधून काही ऐकू आलं नाही. त्यानंतरही कधीच नाही. मुलगी पुन्हा हॉलमध्ये येऊन बसू लागली. "आजी इज बेटर, नो?" नवरा म्हणाला, सुटली बिचारी. मी मात्र सकाळी चहा गाळताना कान देऊन उभी राहायचे. ताईची माती अमेरिकेतच झाली, मला वेळेत पोचता आलं नव्हतं. तिचं जाणं मला आत्ता कळत होतं, या गप्प हॉलमध्ये.

शेवटी मीच आईसमोर जाऊन बसले. जमेल तितका ताईचा आवाज काढून विचारलं, "देशाचा सर्वोच्च कायदा कोणता?"

आई खिडकीतून खाली बघत होती. तिने वळून माझ्याकडे परक्या बाईकडे बघावं तसं, पण सौजन्याने पाहिलं.

"कुठल्या देशाचा हो?"

मी तिचा पदर सारखा केला. ती पुन्हा गाड्या बघू लागली.