काचमावशींच्या दोन बाटल्या

काचमावशींची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी मला धुतलं. अक्षरशः. प्रयोगशाळेत कारकून म्हणून रुजू झालो आणि शाईच्या हाताने त्यांच्या एका बाटलीला शिवलो. पुढच्या क्षणी माझे हात कोपरापर्यंत नळाखाली आणि वर त्यांचा ब्रश. कातडीचे दोन थर तरी गेले. हातावरच्या रेषाही गेल्या. तेव्हापासून माझं भविष्य कुणालाच सांगता येत नाही.

सव्वीस वर्षं मावशी तिथे बाटल्या धुत होत्या. कंपवाताच्या आजारातलं एक प्रथिन पाण्यात विरघळवून बाटल्या दोन दिवस यंत्रावर हलवत ठेवायच्या आणि गुठळ्या कधी होतात ते पाहायचं, असं तिथलं काम. पण गुठळ्या लहरी. आज होत, उद्या नाही. शेवटी मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर निकाल दिला, "बाटल्या नीट धुतल्या जात नाहीत." वर मेमो. मावशींच्या कोऱ्या फाइलीतला पहिला डाग.

"हा कागद त्याच्याच हाताने फाडायला लावते की नाही बघ," मावशी मला म्हणाल्या.

त्या दिवसापासून साहेबांचा चहाचा कप तेवढा त्यांनी घासला नाही. "माझ्या हातून घाणच राहते ना? मग राहू दे!" सहा महिन्यांत त्या कपात नुसतं गरम पाणी ओतलं तरी चहा होऊ लागला.

बाटल्या मात्र त्या डूख धरून न्याहाळू लागल्या. गुठळ्यांचं पांढुरकं कडं तळाला नसे. पाणी संपून हवा सुरू होते, नेमकं तिथे काचेला धरून बसलेलं असे. गळ्यापर्यंत भरलेल्या बाटलीत ते दिसतच नसे. आणि बाटली किती भरायची, हे भरणाऱ्याच्या मर्जीवर!

तपासणीला तीन दिवसांसाठी पाहुणे आले, तशा मावशी हात पुसत पुढे झाल्या.

"साहेब, तुमच्या हाताने दोन बाटल्या भरा. एक गळ्यापर्यंत, हवा अजिबात नको. दुसरी अर्धी."

साहेबांनी पाहुण्यांकडे बघून डोळे मिचकावले आणि गंमत म्हणून भरल्या.

तिसऱ्या दिवशी यंत्रावरून उतरवल्या, तर गळ्यापर्यंत भरलेली बाटली नितळ, अर्धी गढूळ.

"दोन्ही मीच धुतल्यात," मावशी म्हणाल्या. "आता सांगा, घाण माझ्या कुठल्या हाताला आहे? डाव्या की उजव्या?"

"बाईंचं खरं आहे," एक पाहुणे म्हणाले. "हवा आणि पाणी भेटतात त्या पृष्ठभागावर ही प्रथिनं गोळा होतात, तिथेच एकमेकांना चिकटतात."

साहेबांचा चेहरा त्यांच्या कपासारखा झाला.

"चहा आणू, साहेब?" मावशींनी गोड आवाजात विचारलं.

मेमो रद्द करण्याचा कागद मी त्याच दुपारी टाइप केला. साहेबांनी "बघतो" म्हणून तो खणात ठेवला. पुढच्या महिन्यात त्यांची बदली झाली आणि मावशी निवृत्त झाल्या. मेमो फाइलीत आहे.