साहेबाची माशी आणि इब्राहिमचा गाल

मुंबईहून निघालेली आमची बोट कराची, मस्कत करत कुवेतसमोर थांबली, तरी मला किनारा दिसेना. डोंगर नाही, झाड नाही. पाण्याच्या कडेला एक पिवळट रेघ, तेवढाच देश. छोट्या होडीतून धक्क्यावर उतरले तर वसंता, माझा धाकटा भाऊ, चक्क स्वेटर घालून उभा! हिवाळ्यात इथे साताऱ्यासारखाच गारठा पडतो हे मला कोणी सांगितले नव्हते.

"ताई, बघण्यासारखं इथं काही नाही," तो म्हणाला, "खाण्यासारखं मात्र आहे."

रस्ते बांधणाऱ्या एका परदेशी कंपनीत तो नकाशे काढायचा. साताऱ्यातला माझा दवाखाना महिनाभर बंद ठेवून मी त्याला भेटायला आले होते. पहिल्याच रात्री त्याने जुबैदी (आपले पापलेट) आणि तंदुरातून नुकतीच निघालेली खुबूज (जाड रोटी) खाऊ घातली. मासे त्याचा मित्र इब्राहिम याने आणले होते. इब्राहिम हर्णैचा, त्याच कंपनीच्या गोदामात कारकून.

"शुक्रवारी सुट्टी हाय. बाय, तुमी पन चला गरवायला (गळाने मासे धरायला)," तो मला म्हणाला. "आमच्या हर्णैसारखा समिंदर नाय, पन मासा झ्याक हाय."

शुक्रवारी उजाडायच्या आत आम्ही फहाहील गावाच्या किनाऱ्यावर पोहोचलो. उथळ पाण्यात हद्रा (भरतीचा मासा अडकवायचे काठ्यांचे कुंपण) उभी होती. त्यापलीकडे खडकांची एक जीभ समुद्रात शिरलेली. भरतीचे पाणी तिला घासून जाते, म्हणून मासा तिथेच येतो. आणि म्हणूनच सगळा गावही तिथेच येतो. इराणी हमाल, पॅलेस्टिनी मास्तर, बलुची पहारेकरी, आपले मद्रासी कारकून, सगळे खांद्याला खांदा लावून गळ टाकत होते. बाई मी एकटीच. तरी कोणी वळून पाहिले नाही. इब्राहिमने टोकाचा खडक पकडला, दोरा बोटावर घेतला आणि घटकेत दोन बोयटे काढले. मला त्याने दोरा धरायला दिला. माशाची पहिली थरथर बोटाला लागली तेव्हा मी लहान मुलीसारखी ओरडले.

सूर्य वर आला आणि एक गोरा साहेब गाडीतून उतरला. हातात बारीक, लवचीक काठी. हे लोक आपल्या देशात थंड नद्यांवर ट्राउट नावाचा मासा अशाच काठीने धरतात. गळाला आमिष लावत नाहीत, पिसांची खोटी माशी बांधतात आणि दोरा डोक्यावरून मागे-पुढे झुलवत ती लांब पाण्यावर टाकतात. पाहायला देखणे. पण त्यासाठी पाठीमागे मोकळी जागा लागते, आणि तिथे तर तीळ ठेवायला जागा नव्हती.

"मागे व्हा! सगळे मागे!" त्याने हात हलवला.

आणि सगळे हलले! पहाटेपासून बसलेली माणसे दोरे गुंडाळून निमूट उठली. इब्राहिमही उठला. "आमचा थोरला साहेब आहे," वसंता कुजबुजला. तेव्हापासूनच माझे डोके तापायला लागले.

तिसऱ्या की चौथ्या झोक्याला दोरा मागे गेला तो पुढे आलाच नाही. साहेबाने मान न वळवता हिसका दिला. इब्राहिम किंचाळला. माशीचा गळ त्याच्या डोळ्याखाली, गालात रुतला होता. साहेबाने पुन्हा ओढले.

"दोरा सोड!" मी इंग्रजीत ओरडले. "माणूस आहे तो!"

तो वळला, जवळ आला, त्याने वाकून पाहिले. "हलू नकोस. तोडू नका कोणी. ही माशी माझ्या मित्राने हाताने बांधलीय. कोणीतरी डॉक्टर आणा."

"मी डॉक्टर आहे."

तो चक्क हसला. मी वसंताला आमच्या गाडीतली पक्कड आणि आयोडीन आणायला पिटाळले. गळाला उलटा काटा असतो. मागे ओढला तर मांस फाटते. टोक पुढे काढून काटा तोडावा लागतो.

"तोडू नका म्हटलं ना!" साहेब म्हणाला.

"इथून डोळा बोटभर लांब आहे," मी म्हणाले आणि तोडला. इब्राहिमने माझ्या पदराचे टोक मुठीत आवळले होते.

तुटलेली माशी उचलत साहेब म्हणाला, "त्याने लांब उभं राहायला हवं होतं."

शेजारचा म्हातारा अरब "ऐब! ऐब!" (लाज वाटू दे) म्हणून थुंकला. मी वसंताकडे पाहिले. तो वाळूकडे पाहत होता.

"तू काही बोलणार नाहीस?"

"ताई, गप्प बस. नोकरी जाईल."

त्या क्षणी मला साहेबापेक्षा माझ्या भावाचा राग आला. साहेब नवी माशी बांधू लागला. तेवढ्यात इब्राहिम गालावर आयोडीनचा बोळा धरून उठला, आपल्या खडकावर गेला आणि बसला. "सर, हमारा जगा," एवढेच म्हणाला. मग म्हातारा अरब येऊन त्याच्या शेजारी बसला. मग इराणी, मग मद्रासी. भांडण नाही, आरडाओरडा नाही. माणसे फक्त आपापल्या जागी परतली. काठी झुलवायला वीतभर जागा उरली नाही. साहेबाने थोडा वेळ वाट पाहिली, काठीचे तुकडे वेगळे केले आणि गाडीत बसला.

मी परत निघाले त्या दिवशी वसंताबरोबर इब्राहिमही धक्क्यावर आला. गालावर लालसर व्रण. हर्णैला आईकडे पोचवायला त्याने खजुराचा डबा दिला.

"बदली झाली, बाय. वाळवंटात, रस्त्याच्या कामावर. थंय समिंदर नाय."

"एका खडकासाठी?" माझा आवाज चढला. "आणि कोणी विचारलं नाही साहेबाला?"

"मी विचारलं," वसंता म्हणाला. "परवा साहेबाच्या खोलीत गेलो. गळ कोणी मारला आणि शिक्षा कोणाला, हे तोंडावर विचारलं."

"मग?"

"माझीही बदली केली. त्याच छावणीत."

इब्राहिम त्याच्या पाठीवर थाप मारत हसू लागला आणि गाल दुखल्यावर थांबला.

बोट सुटली. दोघे बराच वेळ दिसत होते. साताऱ्यात परतल्यावर लोकांनी विचारले, "काय काय पाहिलंस?" मी हे सगळे सांगते तेव्हा आवाज अजूनही चढतो. त्या साहेबाचा राग गेलेला नाही आणि जाऊही नये असे वाटते. पण माझ्या भावाविषयी विचारले की मी सावकाश, सविस्तर सांगते.