खुंटीवरची टोपी राहू दे

त्या उन्हाळ्यात सीमेवर तणाव वाढला आणि आमच्या घरातलं कुणीच एका जागी बसेनासं झालं.

आमचं गाव उंब्रजपासून बरंच आत, महामार्ग सोडून उसाच्या रानांमधून गेलं की लागतं. घरात आम्ही तिघंच होतो. मी, सासूबाई आणि सासरे. सासूला आमच्याकडं आत्या म्हणायची पद्धत आहे आणि सासऱ्यांना मामा. मामा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. माझा नवराही फौजेत, आणि तेव्हा नेमका सीमेलगत. शेवटचा फोन आला तेव्हा तो घाईत होता. "आता काही दिवस फोन लागणार नाही. बातम्या बघत बसू नका," एवढंच बोलला. "जेवलात का?" असं मी विचारेपर्यंत फोन बंद झाला होता.

बातम्या बघू नका म्हटल्यावर आम्ही सकाळपासून बातम्याच बघत होतो. मामा उभ्यानं बघायचे. मधेच काही आठवल्यासारखे फाटकापर्यंत जायचे, रस्त्यावर कुणी नाही हे बघून परत यायचे. आत्या निवडून ठेवलेले तांदूळ पुन्हा सुपात ओतायच्या. मी मोबाईल घेऊन गच्चीवर जायची, रेंज आहे ना ते बघायची आणि खाली यायची. गॅसवर दूध ठेवलेलं मला आठवायचं ते उतू गेल्याच्या वासानं.

अशात एका सकाळी माझं लक्ष मामांच्या टोपीकडं गेलं. मामा रोज पांढरी टोपी घालतात आणि ती स्वतः धुतात. दुसऱ्याच्या हातची धुतलेली त्यांना चालत नाही. पण त्या दिवशी टोपीच्या कडेला घामाची पिवळट रेघ होती, आणि दुसऱ्या दिवशी तीच टोपी, तीच रेघ जरा जास्त तपकिरी. इतक्या वर्षांत मी त्यांना मळक्या टोपीत पाहिलं नव्हतं.

"मामा, टोपी द्या, धुऊन टाकते," मी म्हणाले.

"ऱ्हाऊ दे गं."

"द्या. नाहीतरी मला काही काम नाही."

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि टोपी काढून हातात दिली. मग स्वतःच आत जाऊन बाकीच्या टोप्याही घेऊन आले. मी बादलीत साबणाचं पाणी केलं, टोप्या भिजवल्या, आतल्या पट्टीला साबण लावून बोटानं चोळत बसले. आत्यांनी भाताची पेज बाजूला काढून दिली. ती गाळून खळ केली, निळीचे दोन थेंब टाकले. मामा खुर्ची ओढून शेजारी बसले. टीव्ही आत चालूच होता, पण आता त्याचा नुसता आवाज येत होता.

"पिळू नगंस," मामा म्हणाले. "दाबून पानी काढ. पिळली की घडी बिघडती."

तेवढ्या टोप्या वाळत घातल्या आणि हात पुन्हा रिकामे झाले. ते रिकामेपण मला सहन होईना. मग मी घरात डोक्यावर घालायचं जे जे होतं ते शोधायला लागले. कपाटाच्या वर माझी गवती हॅट सापडली, लग्नानंतर आम्ही महाबळेश्वरला गेलो होतो तेव्हा घेतलेली. तिला पाण्यात घालता येत नाही. ओल्या फडक्यानं पुसली, वाकलेल्या काठाला वाफ दाखवली आणि आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत ठेवली. दिवाणाखाली मामांची कानटोपी होती. ती रिठ्याच्या पाण्यात बुडवली आणि चादरीवर आडवी पसरली, कारण लोकरीची वस्तू दोरीवर टांगली की ओघळून लांब होते.

हे सगळं मला माहेरामुळं माहीत होतं. आमचं घर सांगलीत गावभागात. वडील शिक्षक, आणि ते कायम काळी टोपी घालायचे. त्या टोपीच्या आत पुठ्ठा, त्यामुळं तिला पाणी वर्ज्य. रविवारी आई चहाच्या किटलीची वाफ टोपीवर धरायची आणि वडील मऊ ब्रशनं एकाच दिशेनं झाडायचे. पावसात टोपी भिजली की वडील तिच्यापायी अख्खं घर नाचवायचे. मला तेव्हा त्याचा कंटाळा यायचा.

मामांनी ट्रंक उघडायला सांगितली. काळी लोखंडी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात त्यांचा फौजेतला नंबर. डांबरगोळ्यांचा वास आला. तळाशी कापडात गुंडाळलेली त्यांची लोकरीची गोल टोपी होती, बेरे म्हणतात ती. मी उलगडली तर एका बाजूला कसर लागून दोन बारीक भोकं पडली होती. मला वाटलं, मामा आता रागावतील. त्यांनी भोकात बोट घातलं, फिरवलं आणि म्हणाले, "गेली व्हय. जाऊ दे. धुऊ तरी."

त्यांनी टोपीवरचा बिल्ला काढून खिशात ठेवला. गार पाणी, चिमूटभर शाम्पू, आणि कातड्याची पट्टी अजिबात भिजवायची नाही. टॉवेलमध्ये ठेवून दाबायची. मग त्यांच्या डोक्याएवढं पातेलं शोधून ते पालथं घातलं आणि त्यावर टोपी बसवली. वाळल्यावर वर आलेली लोकरीची लव दाढीच्या रेझरनं अलगद काढायची, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

"आमच्यात आठवड्याला तपासनी असायची," मामा म्हणाले. "टोपी मळकी दिसली की मैदानाला चकरा."

"मग यांचीही तपासणी होत असेल," मी म्हणाले.

ते उठून फाटकाकडं गेले.

आता राहिली होती एकच. दाराशेजारच्या खुंटीला नवऱ्याची निळी क्रिकेटची टोपी होती. सुट्टीत आला की शेतात, बाजारात, सगळीकडं तीच. जाताना तिथंच टांगून गेला होता. कपाळाकडची बाजू घामानं पांढुरकी झाली होती. मी ती काढली आणि बादलीकडं निघाले.

आत्या स्वयंपाकघरातून आल्या आणि माझ्या हातातून टोपी हिसकावून घेतली. आत्या म्हणजे आवाज न चढवणारी बाई. सहा वर्षांत त्यांनी माझ्या हातातलं असं कधी काही ओढलं नव्हतं.

"ही न्हाई धुवायची."

"का? किती मळलीय बघा."

"लांब गेल्याल्या मानसाचं डोस्क्याचं धुऊ न्हाई. त्यो आला म्हंजी धू."

"आत्या, असं काही नसतं."

"नसंना का. माझ्या समाधानासाटनं ऱ्हाऊ दे." त्यांनी टोपी छातीशी धरली. "तुझं मामा लढाईवर हुते तवा मी त्येंचा पटका खुंटीवरनं हालवला न्हवता. सासू बोलली, जावा हसल्या. न्हाई हालवला."

मला राग आला होता. धुण्याला मनाई झाली म्हणून आला की त्या शब्दांतल्या भीतीनं, कळलं नाही. आत्यांनी टोपी होती तशी टांगली, अगदी तोंड कुठल्या बाजूला होतं तेसुद्धा बघून. मी परत बादलीशी बसले. पांढऱ्या टोप्या वाळल्या होत्या. त्या खळीत घालायला घेतल्या, कोपरापर्यंत हात चिकट झाले.

आणि तेव्हाच फोन वाजला.

मोबाईल पायरीवर होता. पडद्यावर अनोळखी नंबर. मी बोट फिरवलं, पण खळीच्या बोटानं पडदा ऐकेना. पदराला पुसून पुन्हा फिरवलं. आत्या धावत आल्या, मामा फाटकातून "उचल, उचल" म्हणत आले, आणि फोन बंद झाला. मी लगेच उलट लावला. लागला नाही. परत लावला. संपर्क होऊ शकत नाही, असं ती बाई शांतपणे सांगत राहिली.

"त्योच आसंल का?" आत्यांनी विचारलं.

"माहीत नाही."

"दुसरं कोन करनार," मामा म्हणाले आणि इस्त्री शोधायला आत गेले.

त्या दिवशी दुपारी कुणी जेवलं नाही. मी हात धुऊन कोरडे करून फोनसमोर बसले, आणि दर थोड्या वेळानं पुन्हा धुऊन आले. मामांनी इस्त्री गरम केली आणि अर्धवट ओल्या टोप्यांवर फिरवायला लागले. एका टोपीवर इस्त्री जरा जास्त थांबली, डाग पडला. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि दुसरी घेतली. आत्या देवापुढं बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या.

फोन आला तो दिवेलागणीला. या वेळी मी पहिल्याच रिंगला उचलला.

"सकाळी का उचलला नाही?" नवऱ्याचा आवाज. मागं वारा वाजत होता.

"टोप्यांना खळ करत होते."

"काय करत होतीस?"

मला हसू आलं आणि रडूही. आत्यांनी फोन घेतला. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "बाळा, डोस्क्याला काय घालतोस का न्हाई?" तो हेल्मेट म्हणाला. "काढू नगंस," आत्या म्हणाल्या आणि फोन मामांकडं दिला. मामा फक्त "बरं... बरं... ठीक हाय" म्हणत राहिले.

फोन ठेवल्यावर मला वाटलं होतं आता स्वस्थ वाटेल. तसं झालं नाही. फोन आला तेव्हा तो बरा होता, एवढंच कळलं होतं. त्यानंतरचं काय? दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गच्चीवर, मामा पुन्हा फाटकावर.

पुढं परिस्थिती निवळली. गणपतीनंतर तो सुट्टीवर आला. आल्या आल्या खुंटीवरची टोपी काढून नाकाशी नेली, तोंड वाकडं केलं आणि मला न विचारता वॉशिंग मशीनमध्ये टाकली. बाहेर आली तेव्हा पुढच्या झडपेतला पुठ्ठा मोडून त्याचे दोन तुकडे झाले होते. आत्या ते बघून पोट धरून हसल्या.

पण तोही घरात टिकत नव्हता. जेवताना अर्ध्यात उठून दाराशी जायचा, कशाला गेलो ते न आठवून परत यायचा. मामा त्याला काही विचारायचे नाहीत. सकाळी दोघं उसाला पाणी पाजायला जायचे आणि उन्हं चढल्यावर परत यायचे. एकदा मी विचारलं, "तिकडं काय झालं?" तो म्हणाला, "विशेष काही नाही."

सुट्टी संपली तेव्हा मी आणि आत्या त्याला महामार्गावर सोडायला गेलो. बस आली, त्याला घेऊन गेली. गावाकडं जाणारी रिक्षा समोर उभी होती.

"चल, चालत जाऊ," आत्या म्हणाल्या.

"एवढं लांब? उन्हात?"

"घरात जाऊन तरी काय करायचं हाय?"

रिक्षावाल्याला नको म्हणून सांगितलं आणि आम्ही उसाच्या कडेकडेनं निघालो.