नंदाची दोन मिनिटं

आपल्यातली एखादी बाई आमदार झाली की किस्से आपोआप साठत जातात. देव्हाऱ्यातल्या निर्माल्यासारखे. टाकवत नाहीत आणि ठेवायचे कुठे तेही कळत नाही.

आमच्या जोगेश्वरीच्या भजनी मंडळात पेटी वाजवणारी नंदा पहिल्यांदाच विधानसभेवर निवडून गेली, तीही विरोधी बाकांवर. प्रचारात तिनं एकच शब्द दिला होता : आपलं बंद पडलेलं प्रसूतिगृह उघडायचं. यंदाचं अधिवेशन सुरू झालं तेव्हा आमच्या रंजनाच्या मुलीला आठवा महिना लागला होता. पोरगी राहते आरे कॉलनीत, एका पाड्याच्या टोकाला. रंजना भजनाला येत नाही, ती बुद्धविहारात जाते. पण भजनानंतरच्या चहाला तिची खुर्ची ठरलेली. तिचा चेहरा बघून मी संकष्टीला बाप्पासमोर गोड सोडलं. नंदा सभागृहात प्रसूतिगृहावर बोलेपर्यंत साखर नाही, गूळ नाही.

*

पहिल्या दिवशी आम्ही सगळ्या मंडळातल्या मालतीकाकूंच्या टीव्हीसमोर. नंदाचं बाक अगदी मागे आणि कॅमेरा सारखा पुढच्या रांगेवर. तासाभरात आम्हाला तिच्या साडीचा काठ तेवढा दिसला.

"बायका किती कमी आहेत गं," रंजना म्हणाली.

"आपल्या हळदीकुंकवाला पुरुष असतात ना, तेवढ्याच," काकू म्हणाल्या.

*

त्याच आठवड्यात काकूंनी नंदाला फोनवर धरलं. "गो, ते विरोधी पक्षनेत्याची जागा रिकामी म्हणतात, ते काय?"

नंदानं समजावलं, की आमची संख्या कमी आहे, म्हणून अजून कुणाला नेमलेलं नाही.

काकू कणकवलीच्या. गावच्या देवळाचा सगळा कारभार त्यांना पाठ. "म्हणजे आरतीला चौघीच आल्या तर आरती करायची नाही होय?"

नंदा म्हणाली, "काकू, तुम्ही उभ्या राहायला हव्या होतात."

*

शेवटी नंदाचा प्रसूतिगृहाचा प्रश्न लागला. त्या दिवसाच्या यादीत तिसरा. बोलायला जेमतेम दोन मिनिटं मिळतील, असं तिला जुन्या आमदारांनी सांगितलेलं. म्हणून आदल्या दिवशी ती माझ्या स्वयंपाकघरात सरावाला आली. ओट्यासमोर उभी राहून बोलायची आणि मी घड्याळ बघून देवाची घंटा वाजवायची. घंटा वाजली की तिनं "बसते" म्हणायचं.

पहिल्यांदा ती "अध्यक्ष महोदय" म्हणून थांबलीच. पाचव्यांदा मात्र असं बोलली, की माझा हात घंटेवरच राहिला.

जाताना मी म्हटलं, "नंदा, उद्या तरी तुझा आवाज ऐकू दे गं. बायका वाट बघतायत."

हे मी म्हणायला नको होतं.

*

दुसऱ्या दिवशी कामकाज सुरू झालं आणि पाचच मिनिटांत विरोधी बाकांवरचे सगळे अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत उतरले. कशावरून तरी पेटलं होतं. त्यात आमची नंदा! पहिल्यांदाच अख्खी दिसली. एका हातात फलक, दुसऱ्याची मूठ वळलेली, आणि पेटीच्या वरच्या पट्टीतला तो तिचा आवाज सगळ्यांच्या वर.

"बोलली गो बाय!" काकू उठल्या आणि त्यांनी माझ्या तोंडात पेढा कोंबला. मी नाही म्हणत होते, पण दोनदाच. मग खाल्ला.

पेढा गिळेपर्यंत सभागृह तहकूब झालं. अर्ध्या तासानं पुन्हा भरलं, पुन्हा तोच आरडाओरडा, पुन्हा तहकूब. प्रश्नोत्तराचा तास त्यातच संपला.

रंजना टीव्हीकडेच बघत होती. "तिसरा प्रश्न आपला होता ना?" एवढंच विचारलं तिनं.

संध्याकाळी नंदाचा फोन आला. "सगळ्यांनी पुढे जायचं, असा पक्षाचा निरोप होता. आणि मला वाटलं, निदान आवाज तरी ऐकू जाईल तुम्हाला."

मी पेढ्याचं सांगितलं नाही. आजही सांगितलेलं नाही.

*

सभागृहात तोंडी उत्तर राहून गेलेल्या प्रश्नांची उत्तरं छापून मिळतात. नंदानं तो कागद चहाच्या वेळी आणून दाखवला. वर तिचा प्रश्न : जोगेश्वरीतील प्रसूतिगृह बंद आहे, हे खरे आहे काय? खाली उत्तर : हे अंशतः खरे आहे.

काकूंनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. "म्हणजे कुलूप अर्धंच लावलंय का?"

कुणी हसलं नाही. पोरीला नववा लागला होता.

*

रंजनाची नात आरेच्या रस्त्यावर, रिक्षात झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप. मी त्या दिवशी पुन्हा गोड सोडलं, या वेळी कुणाला न सांगता.

बारशाला मुलीची नणंद गावाहून येऊ शकली नाही. रंजना म्हणाली, "नंदा, आत्या तूच हो. कानात नाव तू सांग."

नंदा सगळ्यांच्या मागे, दाराशी बसली होती. ती पुढे आली, पाळण्यावर वाकली, बाळाच्या कानाशी तोंड नेलं आणि बोलायला लागली. कुर्रर्र नाही, काही नाही. हळू आवाजात बोलतच राहिली. बाळ टक लावून ऐकत होतं.

"नाव केवढं लांब ठेवलंय गो?" काकू कुजबुजल्या.

माझी नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली.

नंदा सरळ झाली, पदर नीट केला, "बसते" म्हणाली आणि दाराशी जाऊन बसली.