जहाजाचा नांगर

समुद्राशी माझा काडीचाही संबंध नाही. डुमसच्या किनाऱ्यावर गेलो तरी मी भजी खातो आणि पाण्याकडे पाठ करून बसतो, कारण वारा तोंडावर येतो. तरीही सुरतेच्या डिंडोलीतल्या आमच्या दोन खोल्यांत मी तीन डोलकाठ्यांचं छोटं जहाज बांधायला घेतलं. का, असं कोणी विचारलं की मी अजून चिडतो.

सांगाडा साड्यांच्या खोक्यांच्या पुठ्ठ्याचा, दोर लूमवरच्या सुताचे, सुकाणूचं चाक म्हणजे एम्ब्रॉयडरी मशीनचं रिकामं बॉबिन. तोफांचे गोळे मोहरीचे. मोहरी मुळातच काळी, तरी मी एकेक दाणा चिमट्यात धरून काळा रंगवला. बायकोने वाळत ठेवलेले ते गोळे उचलून मिसळणाच्या डब्यात परत टाकले आणि त्या दिवशी वरणाला ऑइलपेंटचा वास आला. मी तक्रार केली तर म्हणाली, मोहरी रंगवणाऱ्या माणसाने चवीबद्दल बोलू नये.

आई गेल्यावर आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, आम्ही खानदेशातून इकडे आणलं होतं. गावी त्यांना भाकरी करून घालणारं कोणी उरलं नव्हतं. पण त्यांचं मन सुरतेत रमेना. रोज सकाळी चहा झाला की ते आपले कपडे कापडी पिशवीत भरायचे, तिचं तोंड सुतळीने करकचून बांधायचे, पिशवी दाराशी ठेवायचे आणि सांगायचे, "मी गावले जास." मग बायको त्यांना काहीतरी काम काढून गुंतवायची. एकदा तर ते खरंच उधना स्टेशनच्या रिक्षात बसले आणि ती अनवाणी मागे धावली. त्यानंतर कारखान्यात माझं लक्ष लागेना. संध्याकाळी दाराशी पिशवी दिसली की जीव भांड्यात पडायचा, म्हणजे माणूस अजून घरात आहे.

म्हणून मी त्यांना डेकवरचं सामान करायला दिलं. बादल्या त्यांनी झकास केल्या, हरभऱ्याएवढ्या, पण रंगवल्या पोळ्याच्या बैलांची शिंगं रंगवावी तशा, लाल, हिरव्या, वर सोनेरी पट्टा. ज्या चित्रावरून मी जहाज बांधत होतो, त्यात बादल्या तपकिरी होत्या. आमची जोरदार जुंपली. तपकिरी बादली विहिरीत पडली तर दिसायची नाही, असं त्यांचं म्हणणं. जहाजावर विहीर नसते, मी म्हणालो. मग बादल्या कशाला, असं त्यांनी विचारलं. बादल्या रंगीतच राहिल्या.

एके दिवशी कामावर निघताना मी त्यांना सांगितलं, आज बोटभर नांगर करा. संध्याकाळी आलो तर टेबलावर नांगर तयार. रुमणं, पत्र्याच्या झाकणातून कापलेला फाळ, वर जूसुद्धा. बैल तेवढे उद्यावर ठेवले होते.

मी कपाळावर हात मारून घेतला. जहाजाला शेत नांगरायचं नसतं, त्याचा नांगर निराळा असतो, असं कितीतरी परीने सांगितलं. आमचा आवाज ऐकून शेजारचे गुजराती काका आले आणि त्यांनी "लंगर" हा शब्द सुचवला. आप्पांना वाटलं गुरुद्वारात जेवायला जायचंय. ते टोपी शोधायला लागले.

टोपी सापडल्यावर त्यांनी विचारलं, "पण पानीमा नांगर कसाले?"

जहाज वाहून जाऊ नये म्हणून, मी म्हणालो. तो तळाच्या मातीत रुतून बसतो, मग जहाज जागचं हलत नाही. आप्पांनी आपला नांगर उचलून फाळावर बोट फिरवलं. मग त्यांनी विचारलं, मातीतच रुतायचं आहे ना, मग हा काय वाईट आहे? माझं डोकं इतकं सणकलं की मी भाजी आणायच्या निमित्ताने बाहेर पडलो.

परत आलो तर जहाज नाकावर उभं. पुढच्या टोकाला आप्पांनी आपला नांगर बांधला होता, तोही डोलकाठीएवढ्या जाड सुतळीने. मागची बाजू वर गेलेली, तोफगोळे घरभर. मी ओरडणार, तेवढ्यात बायकोने तोंडावर बोट ठेवलं. ती दाराशी बसली होती. समोर आप्पांची पिशवी उघडी पडलेली, सुतळी काढलेली, आणि ती त्यातलं एकेक धोतर काढून खुंटीवर टांगत होती.

"आते हाई कोठेच जावाव नही," आप्पा जहाजाकडे बघत म्हणाले.

मी स्वयंपाकघरातून खलबत्त्यातला बत्ता आणला आणि जहाजाच्या मागच्या टोकावर ठेवला, तेव्हा कुठे ते सरळ झालं. बत्ता अजून तिथेच असतो. चटणी कुटायची असली की बायको आधी आप्पांना हाक मारते, जहाज धरायला.