चैतरामचा विलायती मीटर

व्याहीबुवा,

नमस्कार वगैरे गृहीत धरा, मला वेळ नाही. दिवाळीला कटंगीला याल तेव्हा तो मीटर खिशात टाकून आणा. माझा भाऊ पुनाराम तुमसरच्या बस डेपोतून दुसरा मीटर मागून आणणार आहे. दोन्ही एकाच टायरला लावून पाहू. तुमचा खरा निघाला, तर मी त्याच पावली तुमच्या गाडीत बसेन आणि बालाघाटपर्यंत ब्र काढणार नाही. खोटा निघाला तर मात्र बोलेन.

अंजना

बालाघाटच्या चैतराम टॅक्सीवाल्याला विहीणबाईंचं असं पत्र दर दिवाळीच्या तोंडावर येई. अंजनाबाई नागपूरच्या बी. ए., कटंगीला मुलींच्या शाळेत शिकवायच्या आणि शाळा सुटल्यावरही शिकवतच राहायच्या. चैतराम पत्र वाचून खिशात घाली आणि बायकोला, शेवंताबाईला सांगे, "यंदा नेतोच मीटर." ती "हौ" म्हणे आणि पुढचं वांगं चिरायला घेई.

मीटर म्हणजे टायरमधली हवा मोजायची, पेनाएवढी पितळी नळी. टायरच्या तोंडाला टेकवली की आतून आकड्यांची पट्टी बाहेर सरकायची. मँगनीजच्या खाणीवरचा एक गोरा इंजिनिअर मायदेशी जाताना ती चैतरामला देऊन गेला होता, आणि "चोवीस पौंड, जास्त नाही, कमी नाही" एवढा मंत्रही. तेव्हापासून चैतराम साधा ड्रायव्हर उरला नाही. स्टँडवरचे बाकीचे टायरला लाथ घालून हवेचा अंदाज घेत. हा त्यांच्याकडे असा बघे, जसा शहरातून शिकून आलेला डॉक्टर अंगारा देणाऱ्याकडे बघतो. सरकारी दवाखान्याच्या कंपाउंडरनं तर मुद्दाम येऊन आपली सायकल मोजून घेतली. हवा बरोबर निघाली, तेव्हा परीक्षेत पास झाल्यासारखा गेला तो.

अशी वस्तू दसऱ्याला पाटावर बसणारच. पान्हे, जॅक, आणि मधोमध तांबड्या कापडावर मीटर. शेवंताबाई पूजेत हात आखडता घेणारी बाई नव्हे. हळद, कुंकू, दुधाचे थेंब, मूठभर अक्षता. एका वर्षी एक पिवळा दाणा नळीच्या तोंडातून आत घसरला आणि हळदीच्या चिकट्यात पक्का बसला. त्या दिवसापासून पट्टी बावीसपर्यंत येई आणि दाण्याला अडे. टायरमध्ये चाळीस पौंड कोंबा, मीटर म्हणे बावीस. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. देवाला वाहिलेल्या अक्षता कुणी मोजून परत घेत नाही.

चैतराम रोज सकाळी मीटर लावी आणि हळहळे: दोन पौंड गेले. आधी त्यानं शेजाऱ्यावर संशय घेतला. मग पंक्चरवाल्या खेमराजवर.

"खेमराज, तुही हवा पातळ होऊन राह्यली काय?"

"हवेत का पानी टाकतो मी? टायर पाह्य ना दादा, दगड झाला."

"मले दगड नोको सांगू. मीटर बावीस सांगते. भर."

खेमराज भरी. गाडी आता रस्त्यावरून चालत नसे, टणाटण उड्या मारत जाई. किरनापूरपर्यंत बसलेला माणूस उतरताना आधी टोपी शोधी, मग कंबर. चैतराम त्याला समजावून सांगे की हवा दोन पौंड कमी आहे ना, म्हणून आदळते. माणूस मान डोलवी. मीटर विलायती होता आणि कंबर देशी.

पुढे ललिताचं, त्याच्या मुलीचं, ठरायला आलं. मुलगा अंजनाबाईंचा. मुलाला ललिता पसंत, ललितालाही मुलगा; राहिली होती ती फक्त आईची पसंती. चैतरामनं एकच हट्ट धरला: विहीणबाईंना आपल्या गाडीतून, फुलासारखं आणायचं. मे महिना. निघताना मीटर लावला. बावीस. आजच्या दिवशी कमी हवा? खेमराजला झोपेतून उठवून त्यानं पुन्हा भरून घेतली, स्टेपनीतसुद्धा.

परतीच्या वाटेवर, वारासिवनी मागे पडल्यावर, मागचं चाक बार उडाल्यासारखं फुटलं. अंजनाबाई पदर सावरत खाली उतरल्या.

"काय झालं?"

"हवा कमी पडली, ईनबाई."

"कमी हवेनं असं फुटतं?"

"मी नाई म्हनत, मीटर म्हनते." त्यानं शाबूत चाकाला मीटर लावून दाखवला. बावीस.

अंजनाबाईंनी त्याच टायरवर बोटं वाजवली. उखळावर वाजवावीत तशी वाजली.

"हा टायर लोखंड झालाय आणि तुमचा मीटर म्हणतो रिकामा आहे. दोघांपैकी एक खोटं बोलतोय."

"मीटर विलायती हाय."

"विलायतेतही खोटं बोलतात. मी तिथलाच इतिहास शिकवते."

चैतराम स्टेपनी काढू लागला.

"त्यातही तुमच्याच मीटरची हवा ना?" त्यांनी विचारलं, आणि मागून येणाऱ्या बसला हात केला.

बालाघाटला पुढे बस आणि मागे चैतरामची रिकामी गाडी, असे ते पोचले. स्टँडवरच्या लाथवाल्यांनी पाहिलं. एकानं आपल्या टायरला सावकाश लाथ घातली. ललितानं चहा दिला. अंजनाबाईंनी तिला दोन प्रश्न विचारले, उत्तरं आवडली.

"मुलगी पसंत आहे," त्या म्हणाल्या. "गाडी नाही. मीटर कटंगीला घेऊन या, दुसऱ्याशी ताडून पाहू. मग बसेन."

"हौ, आनतो ना."

लग्न झालं, वऱ्हाड बसनं आलं. नातू झाला, त्याच्या बारशालाही आजी बसनंच आली. विहीण एकदा तरी आपल्या गाडीत बसावी, याहून मोठी हौस चैतरामला नव्हती. आणि त्यासाठी करायचं एवढंच होतं: मीटर कटंगीला न्यायचा. पण मीटर कधी दुसऱ्या सदऱ्यात राही, कधी कुणाला दिलेला असे. टायर फुटत, दोष उन्हाला जाई. पुनारामच्या हातात तो दुसरा मीटर, त्याची पट्टी बावीसच्या पुढे सरकतेय, आणि बघायला विहीणबाई उभ्या, हे चित्र डोळ्यापुढे आलं की चैतराम मीटर परत फडताळात ठेवी. मग उरलो काय, लाथ घालणारा?

यंदाही दसऱ्याला मीटर पाटावर बसला. शेवंताबाईनं वरून मूठभर अक्षता टाकल्या. दिवाळीत चैतराम कटंगीला गेला. बसनं.

अंजनाबाई दारातच उभ्या होत्या. "मीटर?"

"राह्यला ना घरी, ईनबाई."

ओसरीवर पुनारामनं तुमसरहून आणलेला मीटर पुन्हा रुमालात गुंडाळला.